दाताची भीती आणि गुंगीचे पर्याय : नागपुरात पहिल्यांदा खुर्चीत बसणाऱ्यांसाठी

"मॅडम, झोपवून करता येते का?"

मानेवाड्याहून, कामठीहून, कधी काटोल-उमरेडहून येणाऱ्या फोनवर हे पहिलं वाक्य मी दातांची डॉक्टर म्हणून गेली अठरा वर्षं ऐकत आले आहे. कोणता दात, किती दिवसांपासून दुखतो, हे सगळं नंतर. विचारणाऱ्यांत रात्रभर हायवेवर ट्रक चालवणारे असतात, शाळेच्या मुख्याध्यापिका असतात, दोन बाळंतपणं निभावलेल्या बाया असतात. एक आजोबा म्हणाले होते, "मले हर्नियाच्या ऑपरेशनचं भेव नाही वाटलं, पण या मशीनचा आवाज आला का हातपाय गार पडते."

हे आजोबा सहा वर्षं एकाच बाजूने जेवत होते. सुरुवातीला जी कीड अर्ध्या तासात भरून झाली असती, ती दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली, गालावर सूज आली आणि शेवटी दाढच काढावी लागली. ज्याला घाबरून माणूस टाळतो तेच मोठं होऊन समोर येतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की भीती लपवू नका. ती आम्हाला जितकी आधी कळेल तितके पर्याय जास्त उरतात. सुई तोंडाजवळ आल्यावर कळली तर त्या दिवशी करण्यासारखं फारसं काही राहत नाही.

आधी तीन शब्द वेगळे करू

आपल्याकडे सगळ्यालाच "भूल" म्हणतात आणि तिथून गैरसमज सुरू होतो. दाताच्या दवाखान्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, जागा सुन्न करणं. हिरडीत लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं की तेवढा भाग बधिर होतो, तुम्ही पूर्ण जागे असता. दुसरी, गुंगी. यात तुम्ही शांत, ढिले होता, कधी पेंगता, पण हाक मारली की उत्तर देता आणि श्वास स्वतःचा स्वतः घेता. तिसरी, पूर्ण भूल. यात शुद्ध नसते, श्वासाची काळजी भूलतज्ज्ञ घेतात आणि ते काम हॉस्पिटलच्या ओटीतच, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच होतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण ती न कळल्याने लोकांना नंतर फसवल्यासारखं वाटतं : गुंगी दिली तरी जागा सुन्न करण्याचं इंजेक्शन लागतंच. गुंगी भीती कमी करते, दाताची वेदना थांबवायचं काम त्या इंजेक्शनचंच. फरक एवढाच, की गुंगीत ते इंजेक्शन टोचलेलं अनेकांना फारसं जाणवत नाही किंवा नंतर आठवत नाही.

पायरी १ : कशाची भीती आहे ते शोधा

"दाताची भीती" ही एक गोष्ट नाही. कुणाला सुईची असते, कुणाला ड्रिलच्या आवाजाची. कुणाला तोंडात आरसा गेला तरी उमासा येतो. कुणाला आडवं पडून तोंड उघडं ठेवलं की जीव गुदमरतो. बऱ्याच जणांना लहानपणी दोन माणसांनी धरून ठेवून दाढ काढल्याचं आठवत असतं. आणि काहींना फक्त रागावून घेण्याची भीती असते, "इतके दिवस काय केलं?" हे वाक्य ऐकायची.

प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. म्हणून घरी कागद घ्या आणि पाच प्रसंग लिहा : उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचं आहे, बाहेर नंबर लागण्याची वाट बघतो आहे, दात कोरणार आहेत, दात साफ करणार आहेत, हिरडीत इंजेक्शन देणार आहेत. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्या. १ म्हणजे अजिबात भीती नाही, ५ म्हणजे प्रचंड. ही जगभर वापरली जाणारी मोजपट्टी आहे. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती तीव्र समजतात आणि गुंगीचा विचार सुरुवातीपासून करणं योग्य ठरतं. बेरीज कमी असून एकाच प्रश्नाला ५ असतील, तर तो प्रश्न सोडवला की बहुतेक वेळा काम होतं.

दोन जुन्या आठवणींबद्दल इथेच बोलते, कारण त्या रोज ऐकू येतात.

"मला इंजेक्शन लागू पडत नाही, दिलं होतं तरी दुखलं." असं होतं, आणि त्याला कारण असतं. पू झालेल्या, सुजलेल्या जागेत आम्लता वाढते आणि तिथे सुन्न करणारं औषध नसेच्या आत नीट शिरत नाही. म्हणून ठणकणाऱ्या दाढेवर त्याच दिवशी काम केलं की दुखू शकतं. आधी पू काढून टाकला, सूज उतरू दिली, किंवा सुजेपासून लांब, मूळ नसेजवळ इंजेक्शन दिलं की तीच दाढ नीट बधिर होते. तुमच्या अंगात काही दोष नाही.

"मला भुलेची ॲलर्जी आहे, छाती धडधडली होती." लिग्नोकेनसोबत बहुतेक वेळा थोडं ॲड्रेनॅलिन असतं. त्याने बधिरता जास्त वेळ टिकते, रक्त कमी येतं, आणि काही जणांची छाती काही मिनिटं धडधडते. डोळ्यांपुढे अंधारी येऊन चक्कर येणं हा भीतीचा आणि उपाशी पोटाचा परिणाम असू शकतो. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार क्वचित असते. तरी त्या वेळी नेमकं काय झालं होतं ते डॉक्टरांना सांगा. अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वासाला त्रास असं काही असेल तर ते मात्र गंभीरपणे तपासावं लागतं.

पायरी २ : फोनवरच सांगा

अपॉइंटमेंट घेताना एवढं बोला : "मला दाताच्या उपचारांची खूप भीती वाटते. पहिल्या दिवशी फक्त तपासणी आणि बोलणं हवं आहे, काही करायचं नाही. तुमच्याकडे गुंगी देण्याची सोय आहे का? असेल तर कोणती, आणि ती कोण देतं?"

या प्रश्नाला समोरून कसं उत्तर येतं त्यावरून पुष्कळ कळतं. "काही नाही होत हो, या तुम्ही" एवढंच म्हणून फोन ठेवला गेला, तर दुसरीकडे विचारा. सोय नसणं हा गुन्हा नाही. बहुतेक छोट्या दवाखान्यांत लाफिंग गॅसचं, म्हणजे नाकाने हुंगायच्या गुंगीच्या वायूचं, यंत्र नसतं. पण नसेल तर ते सरळ सांगून कुठे जायचं हे सुचवणारा दवाखाना भरवशाचा.

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत एकेका गल्लीत दातांचे दवाखाने आणि हॉस्पिटलं शेजारी-शेजारी आहेत. तिथल्या काही दवाखान्यांत ठरवलेल्या दिवशी भूलतज्ज्ञ येतात. खर्चाचा प्रश्न असेल तर मेडिकल चौकाजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. हिंगणा रोडवर डिगडोह आणि वानाडोंगरी इथे खासगी दंत महाविद्यालयं आहेत, मिहानला एम्स आहे. महाविद्यालयात केसपेपर काढल्यावर मुलासाठी बालदंतरोग विभाग आणि अक्कलदाढेसारख्या शस्त्रक्रियेसाठी मुखशल्यचिकित्सा विभाग विचारा. तिथे गर्दी असते, दोन-तीन खेपा धरून चला. सकाळी लवकर पोचलेलं बरं. आणि खिडकीवरच्या माणसाला नाही, तर तपासणाऱ्या डॉक्टरला भीतीबद्दल सांगा.

पायरी ३ : पहिली भेट, आणि लपवायच्या नसतात अशा गोष्टी

पहिल्या भेटीत तोंड तपासतात, एक्स-रे काढतात आणि तुमच्या तब्येतीचं विचारतात. हे विचारणं म्हणजे फॉर्म भरण्याची औपचारिकता नाही, गुंगी सुरक्षित होते ती इथे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. नावं आठवत बसू नका, पट्ट्याच आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. झोपेच्या, डिप्रेशनच्या, फिटच्या गोळ्या आवर्जून दाखवा. वजन किंवा साखर कमी करण्याचं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा. त्याने जेवण पोटात जास्त वेळ राहतं आणि उपाशी राहण्याचा हिशेब बदलतो. मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हेही.

आता आपल्या भागातल्या दोन गोष्टी. या मी प्रत्येकाला विचारते.

खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला. कृपा करून खरं सांगा. इथे पोरं कॉलेजात जायच्या आधीपासून खर्रा चघळतात आणि काही वर्षांत गालाची आतली कातडी आवळत जाते, तिखट लागलं की आग होते, तोंड उघडेनासं होतं. आरशासमोर उभे राहा आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी, समोरच्या दातांमध्ये घालून बघा. तिन्ही गेली तर ठीक. दोनच जात असतील तर हे डॉक्टरला आणि भूलतज्ज्ञाला आधी कळलंच पाहिजे. गुंगी खोल गेली आणि श्वास मंदावला तर तोंडातून नळी घालावी लागते, आणि न उघडणाऱ्या तोंडात ती घालता येत नाही. अशा माणसाला शिरेतून गुंगी दवाखान्याच्या खुर्चीत देऊ नये. हॉस्पिटलात, नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालायची तयारी ठेवून काम करता येतं. लाजेपोटी ही गोष्ट लपवणारे तरुण मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी मला खरोखर काळजी वाटते.

सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे, आणि पुष्कळांना आपण वाहक आहोत हेही माहीत नसतं. घरात कुणाला असेल, लहानपणी वारंवार हाडं दुखून भरती व्हावं लागलं असेल, तर आधी रक्ताची तपासणी करून घ्या. ऑक्सिजन कमी पडणं, अंगातलं पाणी कमी होणं, थंडी वाजणं या तिन्हींनी सिकलसेलचा त्रास उसळू शकतो, आणि गुंगी चुकीच्या पद्धतीने दिली तर तिन्ही घडू शकतात. "एसएस" म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या रुग्णाला गुंगी द्यायची तर हॉस्पिटलात, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला विचारून. "एएस" म्हणजे वाहक असाल तर सहसा अडचण येत नाही, पण सिकलसेल तपासणीचं कार्ड असेल तर सोबत आणा.

गरोदर असाल, किंवा तशी शंका असेल, तर पहिल्या वाक्यात सांगा. पहिल्या तीन महिन्यांत लाफिंग गॅस देत नाहीत आणि झोपेच्या गटातल्या गोळ्याही टाळतात. तातडीचं नसेल ते काम पुढे ढकलता येतं.

पायरी ४ : पर्याय, हलक्यापासून खोलपर्यंत

माझा नियम असा, की जेवढ्या हलक्या गुंगीत काम नीट होईल तेवढीच द्यावी. खोल गुंगी म्हणजे जास्त चांगली गुंगी, असं नसतं.

औषधाशिवायचे उपाय

यांना कमी लेखू नका. सुईची भीती असेल तर आधी हिरडी पुसून कोरडी करायची, त्यावर सुन्न करणारी जेल लावायची आणि दोन मिनिटं थांबायचं. मग बारीक सुईने औषध अगदी हळू सोडायचं. इंजेक्शन दुखतं ते बरंचसं औषध जोरात ढकलल्यामुळे. हळू दिलं तर टोचणं इतकंच राहतं. डॉक्टरला म्हणा, "जेल लावा आणि हळू द्या." असं म्हणण्यात काही अपमान नाही.

हाताची खूण ठरवून घ्या. डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार. पहिल्यांदा उगीच हात वर करून बघा, खरंच थांबतात का. थांबतात हे कळलं की निम्मी धडधड तिथेच कमी होते, कारण सूत्रं आपल्या हातात आहेत हे कळतं. आवाजाचा त्रास असेल तर कानात इअरफोन घालून या. उमासा येत असेल तर नाकाने श्वास घ्या, सकाळची वेळ टाळा, आणि खुर्ची पूर्ण आडवी न करता थोडी उभी ठेवायला सांगा.

लाफिंग गॅस

नाइट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण, नाकावर ठेवलेल्या मऊ मास्कमधून. या वायूचा दातांशी संबंध जुना आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढच्याच महिन्यात बोस्टनला लोकांसमोर प्रयोग करताना रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची नाचक्की झाली. आज आपल्याला कळतं की एकट्या या वायूवर पूर्ण भुलेचा भार टाकणंच चूक होतं. भीती घालवायला तो उत्तम आहे, वेदनेसाठी सोबत इंजेक्शन हवंच.

सुरुवातीला काही मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात, मग वायूचं प्रमाण हळूहळू वाढवतात. बहुतेकांचं काम ३० ते ५० टक्क्यांत होतं. चांगल्या यंत्रात निदान ३० टक्के ऑक्सिजन कायम राहील अशी सोय असते, म्हणजे चुकूनही ऑक्सिजन त्याखाली जात नाही. हातापायांना मुंग्या येतात, अंग हलकं किंवा उबदार वाटतं, आवाज दुरून आल्यासारखे होतात. हसू येईलच असं नाही. काम संपलं की पुन्हा पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन, आणि असर उतरतो. मोठी माणसं थोडा वेळ बसून, डॉक्टरने तपासून सोडल्यावर सहसा एकटी घरी जाऊ शकतात. हा या पर्यायाचा सगळ्यात मोठा फायदा.

कुणाला चालत नाही? सर्दीने नाक बंद असेल तर उपयोगच नाही, कारण सगळं काम नाकाने श्वास घेण्यावर आहे. कानाच्या आतलं किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, फुफ्फुसाचा जुना गंभीर आजार असेल तर देत नाहीत. आणखी एक, जी आपल्याकडे महत्त्वाची आहे : हा वायू शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. निरोगी माणसाला एकदोनदा घेतल्याने काही होत नाही, पण शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असणं नेहमीचं आहे. तपासणीत कमी आलं असेल, पायांना मुंग्या येत असतील, तर आधी सांगा.

गोळी

डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम या गटातली गोळी. कधी आदल्या रात्री नीट झोप यावी म्हणून, कधी कामाच्या साधारण तासभर आधी. स्वस्त आहे, सुई नाही. तोटा असा, की पोटातून जाणारं औषध माणसागणिक कमी-जास्त लागू पडतं आणि एकदा गिळल्यावर मागे घेता येत नाही. डायझेपामचा अंश तर शरीरात दिवसभराहून जास्त राहतो. साठीच्या पुढच्या माणसाला कमी मात्रेतही तोल जाऊन पडण्याची भीती असते.

ही गोळी फक्त त्याच डॉक्टरने लिहून दिलेली आणि त्याच मात्रेत घ्यायची. एकदा एक तरुण आईची झोपेची गोळी घेऊन, वर धीर यावा म्हणून थोडी दारू पिऊन, स्वतः स्कूटर चालवत माझ्याकडे आला. मी त्याच्या दाताला हात लावला नाही. दोन तास ऑक्सिमीटर लावून बसवून ठेवलं आणि त्याच्या भावाला बोलावलं. दारू आणि ही गोळी एकत्र झाली की श्वास मंदावतो, आणि हे झोपेत घडतं. तो वाचला म्हणून मी हे शांतपणे लिहू शकते आहे.

शिरेतून गुंगी

हातातल्या शिरेत सलाईनची सुई लावून बहुधा मिडाझोलाम थोडं-थोडं देतात. असर मिनिटा-दोन मिनिटांत दिसतो, म्हणून नेमकी हवी तेवढीच मात्रा देता येते. तुम्ही डोळे मिटून पडता, "तोंड उघडा" म्हटलं की उघडता, आणि बहुतेकांना नंतर त्यातलं काही आठवत नाही. "झालं पण?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकू येतो. अक्कलदाढा काढणं, एका बैठकीत बऱ्याच दाढांचं काम, अतितीव्र भीती किंवा न आवरणारा उमासा, अशा वेळी हा पर्याय मला पटतो.

इथे अट एकच : दातावर काम करणारा आणि गुंगीकडे बघणारा, हे दोघं वेगळे असले पाहिजेत. माझे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे तुमच्या दाढेत असताना तुमच्या श्वासाकडे लक्ष देणारं माणूस दुसरं हवं, आणि ते भूलतज्ज्ञ असेल तर उत्तम. प्रोपोफॉलसारखं खोल झोप आणणारं औषध वापरणार असतील तर भूलतज्ज्ञाशिवाय नाहीच. बोटाला ऑक्सिमीटर, दंडाला बीपीचा पट्टा, हाताशी ऑक्सिजन आणि तोंडातलं पाणी ओढणारं सक्शन, हे सगळं खुर्चीजवळ दिसलं पाहिजे. मिडाझोलामचा असर उलटवणारं फ्लुमाझेनिल नावाचं औषध असतं. "ते ठेवलेलं आहे का?" असं विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

पूर्ण भूल

अगदी लहान मूल आणि आठ-दहा दात किडलेले, खुर्चीत बसूच न शकणारी गतिमंद किंवा स्वमग्न व्यक्ती, मोठी शस्त्रक्रिया, किंवा वर सांगितलेलं न उघडणारं तोंड. आधी भूलतज्ज्ञाकडून तपासणी होते, तिला पीएसी म्हणतात; रक्त, गरजेनुसार ईसीजी आणि छातीचा एक्स-रे. नुसत्या भीतीपोटी एका दाढेसाठी पूर्ण भूल मागू नका.

लहान मुलांबद्दल थोडं

मुलाला "इंजेक्शन नाही देणार" असं खोटं सांगून आणू नका. एकदा फसवलं की ते मूल पुढे कितीतरी वर्षं तोंड उघडत नाही. "बाबा, दुखणार नाही" असंही नको, कारण त्याला "दुखणार" एवढंच ऐकू येतं. "दाताला झोप येईल" म्हणा. मास्क लावून नाकाने श्वास घेण्याइतकं समजणाऱ्या मुलांना लाफिंग गॅस छान चालतो. घरी मास्कसारखी वाटी नाकावर धरून खेळ करून बघा. त्याहून लहान मुलांना गुंगी बालदंतरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. मुलांचा श्वासाचा मार्ग अरुंद असतो आणि औषध वजनावर मोजावं लागतं.

पायरी ५ : आदला दिवस आणि ती सकाळ

शिरेतून गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर पोट रिकामं हवं. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, एवढं साधं कारण आहे. साधारण हिशेब असा : तेलकट, जड जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास, साध्या पाण्यानंतर दोन तास. तुमचे भूलतज्ज्ञ जे लिहून देतील ते शेवटचं.

इथे लोक अडकतात ते चहाशी. दूध घातलेला चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात धरतात, सहा तास. संत्र्याचा गर असलेला रसही पाण्यात येत नाही. सकाळी चौकात तर्री-पोहे खाऊन येऊन "थोडेसेच खाल्ले" म्हणणाऱ्यांना मला परत पाठवावं लागतं, आणि मला ते आवडत नाही. सावजीचं जेवण आदल्या रात्रीही टाळा.

नागपूरच्या मे महिन्यात पाण्यावाचून बसणं सोपं नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळची पहिली वेळ मागा, आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या, आणि दोन तासांची मर्यादा सुरू होईपर्यंत साधं पाणी घेत राहा. मधुमेह असेल तर पहिली वेळ हवीच, आणि त्या सकाळची इन्सुलिन किंवा गोळी किती घ्यायची हे आदल्या दिवशी लिहून घ्या. बीपीची गोळी बहुतेकदा घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात, पण विचारून.

नुसता लाफिंग गॅस असेल तर एवढा उपास नको. दोन तास आधी हलकं खाल्लेलं चालतं, पोटभर जेवून मात्र येऊ नका. आणि फक्त सुन्न करण्याचं इंजेक्शन असेल तर उलट खाऊनच या. उपाशी पोटी चक्कर येते.

बाह्या वर सरकतील असे सैल कपडे घाला. नखांचं पॉलिश काढा, नाहीतर ऑक्सिमीटर चुकतो. लिपस्टिक नको, ओठांचा रंग आम्हाला बघायचा असतो. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा. त्या दिवशी खर्रा, सिगारेट बंद.

सोबत एक जबाबदार मोठं माणूस हवं, जे थांबेल आणि घरी नेईल. कॉलेजातला मित्र जो सोडून कामाला जाणार आहे, तो चालणार नाही. परतायला ऑटो किंवा कार. मेट्रो जवळ असली तरी त्या दिवशी जिने आणि गर्दी नको. दुचाकीवर मागे बसणंही नको, पेंगलेलं माणूस तोल जाऊन पडतं.

पैशांचं आदल्या दिवशीच स्पष्ट करून घ्या : दाताच्या कामाचे वेगळे, भूलतज्ज्ञाचे वेगळे, ओटीचे आणि औषधांचे वेगळे का, की सगळं मिळून. बऱ्याच आरोग्य विम्यांत अपघात सोडला तर दातांचं काम बसत नाही, त्यामुळे विम्यावर विसंबण्याआधी कंपनीला विचारा. संमतीपत्रावर सही गुंगी देण्याआधी होते; मराठीत समजावून सांगा म्हणा आणि समजल्यावरच करा.

पायरी ६ : घरी गेल्यावर

बधिरपणा दोन ते चार तास राहतो. तोवर गरम चहा नको, काही चावणं नको. मुलं गंमत म्हणून बधिर ओठ चावतात आणि संध्याकाळी ओठ सुजून येतो. आई-वडिलांनी तेवढा वेळ लक्ष ठेवायला हवं.

गोळी किंवा शिरेतून गुंगी घेतली असेल तर पुढचे २४ तास गाडी चालवणं नाही, गॅसजवळ स्वयंपाक नाही, महत्त्वाच्या कागदावर सही नाही, दारू नाही, आणि एकट्याने लहान बाळ सांभाळणं नाही. "मला आता एकदम फ्रेश वाटतं" यावर विश्वास ठेवू नका. मेंदूला बरं वाटतं, हात-पाय मागे असतात. पहिले काही तास कुशीवर झोपवा आणि घरच्यांनी अधूनमधून हाक मारून बघा. नीट उठवता येत नसेल, श्वास घोगरा किंवा अडकत असेल, ओठ निळसर दिसले, तर दवाखान्याला फोन करत बसू नका, १०८ ला लावा. उलट्या थांबत नसतील, रक्त थांबत नसेल, ताप आला, तर डॉक्टरला कळवा. रात्री कोणत्या नंबरवर कळवायचं ते निघतानाच लिहून घ्या.

दाढ काढली असेल तर खर्रा निदान आठवडाभर तरी नाही. खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेली तर जो ठणका लागतो, तो दाढ काढण्यापेक्षा वाईट असतो. आणि आठवडा निघाला असेल तर पुढे तो तसाच लांबवून बघा, मी मदत करायला तयार आहे, हे मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते.

निघताना एक चिठ्ठी मागा : कोणतं औषध, किती मात्रेत, कशातून दिलं, आणि तुम्हाला त्याने कसं वाटलं. ती घरच्या फाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी, दवाखाना कोणताही असो, ती आधी दाखवा. वर सांगितलेल्या आजोबांची अशी चिठ्ठी माझ्याकडे आहे. पहिल्या दाढेला शिरेतून गुंगी, दुसऱ्या वेळी लाफिंग गॅस. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच मास्क बाजूला सरकवला आणि म्हणाले, "आज जेलच लावा, पण हळू द्या."